पेंटबॉलचे हवेचे सिलिंडर : निवडताना आणि भरताना

रंगाने भरलेल्या जिलेटिनच्या गोळ्या प्रतिस्पर्ध्यावर झाडून त्याला बाद करण्याचा पेंटबॉल हा खेळ एकविसाव्या शतकात भारतातही रुजला आहे. महानगरांलगतची करमणूक केंद्रे, डोंगरी पर्यटनस्थळांवरील रिसॉर्ट, कंपन्यांच्या सहली अशा ठिकाणी तो आवडीने खेळला जातो. खेळ सुरू होण्यापूर्वी मुखवटा काढू नये, जवळून गोळी झाडू नये, अशा सूचना बहुतेक ठिकाणी दिल्या जातात आणि त्या योग्यच आहेत. परंतु ज्या हवेच्या बळावर ती गोळी सुटते, ती हवा साठवणाऱ्या सिलिंडरविषयी क्वचितच कोणी काही बोलतो. बंदुकीच्या मागे बसवलेली ही बाटली खेळाडूच्या खांद्याला टेकलेली असते आणि सामन्याच्या दिवशी ती पुन्हा पुन्हा भरली जाते. या खेळात वापरल्या जाणाऱ्या सर्व साहित्यात प्राणघातक ठरण्याची क्षमता सर्वाधिक कशात असेल, तर ती याच बाटलीत.

तिच्यातील दाबाची कल्पना येण्यासाठी काही परिचित आकडे उपयोगी पडतील. मोटारीच्या चाकात साधारणपणे ३० ते ३५ पीएसआय, म्हणजे प्रति चौरस इंच तितके पौंड, इतका दाब असतो. सीएनजीवर चालणाऱ्या वाहनांच्या टाकीत गॅस सुमारे २०० बार दाबाने भरला जातो. पेंटबॉलच्या साध्या सिलिंडरचा दाब ३००० पीएसआय, म्हणजे सुमारे २०७ बार असतो. अधिक क्षमतेच्या सिलिंडरचा दाब ४५०० पीएसआय, म्हणजे सुमारे ३१० बारपर्यंत पोहोचतो. सीएनजी पंपावर गॅस भरताना प्रवाशांना गाडीतून खाली उतरवले जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच दाबाची, किंवा त्याहून दीडपट दाबाची वस्तू मैदानावर मात्र पाण्याच्या बाटलीसारखी हाताळली जाते.

सुमारे १.१ लिटर क्षमतेचा सिलिंडर ३१० बार दाबाने भरला असता त्यातील हवा एकाएकी मोकळी झाली, तर बाहेर पडणारी ऊर्जा ७० किलोज्यूलच्या आसपास भरते. एक टन वजनाची मोटार ताशी ४० किलोमीटरहून किंचित अधिक वेगाने धावत असताना तिच्यात जितकी गतिज ऊर्जा असते, तितकी ही ऊर्जा होय. हवा पेट घेत नाही, ती विषारी नाही. म्हणून ती निरुपद्रवी आहे, हा समज येथे लागू पडत नाही.

कार्बन डायऑक्साइडकडून हवेकडे

पेंटबॉलचा पहिला सामना २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हेनिकर या गावी बारा जणांमध्ये खेळला गेला. त्यांच्या हाती असलेली ‘नेल्सपॉट ००७’ ही पिस्तुले मुळात जंगलातील झाडांवर आणि कळपातील जनावरांवर रंगाची खूण करण्यासाठी तयार झाली होती. कार्बन डायऑक्साइड वायूच्या १२ ग्रॅमच्या लहान कुप्यांवर ती चालत. पुढे कुप्यांची जागा पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांनी घेतली, वायू मात्र तोच राहिला.

या वायूचा गुण असा की साधारण तापमानाला दाबाखाली तो द्रवरूप होतो आणि थोड्या जागेत पुष्कळ मावतो. दोषही त्याच गुणातून येतो. बाटलीतील दाब हा आत किती वायू आहे यापेक्षा बाहेर किती ऊन आहे यावर अवलंबून राहतो. शून्य अंश सेल्सिअसला तो सुमारे ३५ बार, २० अंशांना ५७ बार, तर ३० अंशांना ७२ बार असतो. थंडीत गोळी जवळच पडते, उन्हात ती मर्यादेपेक्षा वेगाने सुटते. सेकंदाला ३०० फूट ही गोळीच्या वेगाची कमाल मर्यादा बहुतेक मैदानांवर पाळली जाते. ती सकाळी पाळणारी बंदूक दुपारी ओलांडू शकते.

भारतीय हवामानात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ३१ अंश सेल्सिअसच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही. विदर्भात किंवा राजस्थानात मे महिन्यात भरलेल्या बाटलीत द्रव आणि वायू असा भेद उरत नाही आणि त्यापुढे दाब किती चढेल हे बाटलीत किती वजनाचा वायू भरला आहे यावर ठरते. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत हा दाब २० अंशांना असलेल्या दाबाच्या दुपटीच्याही पलीकडे जातो. म्हणूनच ही बाटली दाबमापकाकडे पाहून नव्हे, तर काट्यावर तोलून भरायची असते. ‘थोडा जास्त भरून दे’ ही विनंती येथे धोकादायक आहे. बाटलीवर लिहिलेल्या वजनापेक्षा एक औंसही अधिक भरू नये.

या अडचणींमुळे १९९० च्या दशकात खेळाडू संपीडित वायूकडे वळले. आरंभी हा वायू नायट्रोजन होता, कारण तो औद्योगिक सिलिंडरमध्ये तयार मिळत असे. नंतर साध्या हवेचा वापर रूढ झाला, तरी ‘नायट्रो’ हे नाव जुन्या खेळाडूंच्या तोंडी टिकून राहिले. हवा द्रवरूप होत नाही, त्यामुळे बाटलीवरील रेग्युलेटर तिचा दाब कमी करून बंदुकीला सतत सारखा पुरवू शकतो. बहुतेक रेग्युलेटर ८०० ते ८५० पीएसआय दाब बाहेर सोडतात, तर काही बंदुकांसाठी ४५० पीएसआयच्या आसपासचे रेग्युलेटर मिळतात. बाटलीत ४५०० असोत वा १५००, बंदुकीला त्याचा पत्ता लागत नाही.

किती मोठा, किती दाबाचा

सिलिंडरवर ‘४८/३०००’ किंवा ‘६८/४५००’ असे आकडे दिसतात. पहिला आकडा घन इंचांतील क्षमतेचा, दुसरा पीएसआयमधील दाबाचा. ४८ घन इंच म्हणजे सुमारे ०.८ लिटर, ६८ घन इंच म्हणजे सुमारे १.१ लिटर. युरोपीय बाटल्यांवर हेच माप लिटर आणि बारमध्ये असते.

पहिला सिलिंडर सहसा अखंड अॅल्युमिनियमचा असतो. दुसऱ्यात अॅल्युमिनियमच्या पातळ अस्तरावर कार्बनच्या तंतूंचे वेढे राळेत बुडवून गुंडाळलेले असतात. त्यामुळे आकाराने मोठा असूनही तो वजनाला पहिल्याच्या जवळपासच भरतो आणि हवा मात्र सुमारे दुप्पट साठवतो. ३००० पीएसआयला दर घन इंचामागे दहा गोळ्या आणि ४५०० पीएसआयला पंधरा, असा खेळाडूंचा ढोबळ आडाखा आहे. त्यानुसार पहिल्या सिलिंडरवर साधारण पाचशे आणि दुसऱ्यावर हजार गोळ्या सुटाव्यात. बंदूक किती हवा खाते त्यानुसार हा आकडा पुष्कळ कमीजास्त होतो.

खरेदीदार येथपर्यंतच पाहतो आणि मोठा आकडा निवडतो. वास्तविक पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा. आपण जेथे खेळणार, तेथे हवा कोठून आणि किती दाबाने मिळते? मैदानावरील यंत्रणा ३००० पीएसआयच देत असेल, तर ४५०० चा सिलिंडर तेथे दोन-तृतीयांश दाबापर्यंतच भरेल. यात धोका काही नाही, पैसे मात्र अधिक गेलेले असतात. उलट प्रकार घातक आहे. ४५०० पीएसआय देणाऱ्या नळीला ३००० चा सिलिंडर जोडून भरणाऱ्याचे लक्ष क्षणभर इकडेतिकडे झाले, तर तो सिलिंडर त्याच्या मर्यादेपलीकडे सहज भरला जातो. दोन्ही बाटल्यांचे तोंड सारखेच असते आणि जोडणी मर्यादा ओळखत नाही. ज्या मैदानांवर दोन्ही दाबांची सोय आहे, तेथे नळ्यांना वेगळे रंग आणि ठळक पाट्या असणे ही किमान अपेक्षा आहे.

अशा वेळी शेवटचा आधार असतो तो रेग्युलेटरवरील सुरक्षा चकतीचा. ही धातूची पातळ चकती ठरावीक दाबाला फुटते आणि बाटली फुटण्याऐवजी हवा बाहेर सोडून देते. ३००० पीएसआयच्या सिलिंडरसाठी उच्च दाबाच्या बाजूला ५००० पीएसआयची, तर ४५०० च्या सिलिंडरसाठी ७५०० पीएसआयची चकती बसवतात. कमी दाबाच्या बाजूला १८०० पीएसआयची आणखी एक चकती असते. आवाज मोठा होतो, आजूबाजूचे दचकतात, पण चकतीने तिचे काम केलेले असते. वारंवार चकती फुटते म्हणून तिच्या जागी अधिक दाबाची चकती बसवणे म्हणजे घरातील फ्यूज उडतो म्हणून त्यात जाड तार घालण्यासारखे आहे. चकती का फुटली हे शोधावे, आणि बदलताना त्याच आकड्याची बसवावी.

गळ्यावरचा मजकूर

बाटलीच्या खांद्यावर कोरलेली किंवा राळेखाली छापलेली अक्षरे हा सिलिंडरचा जन्मदाखला असतो. ती वाचता येत नसतील तर तो सिलिंडर घेऊ नये आणि भरूही नये. अमेरिकी सिलिंडरवर तेथील परिवहन विभागाचे ‘डीओटी’ हे चिन्ह, प्रकार, कार्यदाब, अनुक्रमांक आणि चाचणीचा महिना व वर्ष असते. ‘३एएल३०००’ असे लिहिले असेल, तर तो ३००० पीएसआय कार्यदाबाचा अखंड अॅल्युमिनियमचा सिलिंडर समजावा. युरोपात ग्रीक लिपीतील ‘पाय’ हे अक्षर मान्यतेची खूण म्हणून वापरतात.

या मजकुरातील सर्वांत महत्त्वाचा आकडा चाचणीच्या तारखेचा. सिलिंडर पाण्याने भरून त्यावर कार्यदाबापेक्षा बराच अधिक दाब देतात; वर सांगितलेल्या अमेरिकी प्रकारांत तो पाच-तृतीयांश पट, म्हणजे ३००० च्या सिलिंडरला ५००० पीएसआय इतका असतो. सिलिंडर किती फुगला आणि दाब काढल्यावर कितपत पूर्ववत झाला, हे मोजले जाते. पाणी वापरण्याचे कारण साधे आहे. ते फारसे दाबले जात नाही, त्यामुळे चाचणीत सिलिंडर फुटला तरी हवेसारखा स्फोट होत नाही. पेंटबॉलच्या सिलिंडरसाठी ही चाचणी साधारणतः दर पाच वर्षांनी करावी लागते, काही जुन्या तंतुवेष्टित प्रकारांसाठी दर तीन वर्षांनी. तंतुवेष्टित सिलिंडरला आयुष्याची मर्यादाही असते. अमेरिकेत विशेष परवानगीखाली तयार झालेल्या बहुतेक सिलिंडरसाठी ती १५ वर्षांची आहे. त्यानंतर तो दिसायला कोरा करकरीत असला तरी वापरातून काढावा लागतो. जुना सिलिंडर स्वस्तात घेणाऱ्याने आधी तारीख पाहावी, मग किंमत विचारावी.

चाचणीची तारीख चालू असली तरी डोळ्यांनी पाहणी करावीच लागते. त्यासाठी सिलिंडरवर चढवलेले रबरी वा कापडी आवरण काढावे. ही आवरणे ओरखडे टाळण्यासाठी असतात. व्यवहारात ती ओरखडे आणि तारखा दोन्ही झाकतात. अॅल्युमिनियमवर खोल चरा, पोचा किंवा गंज, तंतूंच्या वेढ्यावर तुटलेले धागे किंवा सुटलेले पदर दिसले, तर सिलिंडर जाणकाराकडे सोपवावा. रंग भाजल्यासारखा दिसणे ही गंभीर खूण आहे. अॅल्युमिनियमची ताकद त्याला दिलेल्या उष्णतेच्या संस्कारावर टिकून असते. सुमारे १७७ अंश सेल्सिअसच्या वर तापलेला ‘३एएल’ सिलिंडर अमेरिकी नियमांनुसार बाद करावा लागतो. हौसेने सिलिंडरला भट्टीत भाजून पक्का रंग देणाऱ्यांना हे ठाऊक नसते.

भारतात गॅस सिलिंडरची निर्मिती, आयात, भरणे आणि चाचणी यांवर स्फोटके अधिनियम, १८८४ खालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ यांचे नियंत्रण आहे. त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना अर्थात ‘पेसो’ करते. या संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. नियमांच्या व्याख्येत ५०० मिलिलिटरहून अधिक क्षमतेचा सिलिंडर येतो. म्हणजे ४८ आणि ६८ घन इंचांच्या दोन्ही बाटल्या तिच्यात बसतात. परदेशी ठसा असला की भारतात आपोआप मान्यता मिळते, असे नाही. १३ घन इंचांची छोटी बाटली, जी जेमतेम २०० मिलिलिटरची असते, व्याख्येबाहेर राहते. मात्र तिच्यातील दाब मोठ्या बाटलीइतकाच असतो आणि तिची काळजीही तितकीच घ्यावी लागते.

भरण्याची रीत

टायरच्या दुकानातील कॉम्प्रेसर आठ-दहा बारपर्यंत हवा देतो. पेंटबॉलसाठी तीन किंवा चार टप्प्यांत हवा दाबणारा उच्चदाबाचा कॉम्प्रेसर लागतो, आणि त्याच्यानंतर हवेतील पाणी व तेलाची वाफ शोषून घेणारी गाळणी. ओलसर हवेमुळे सिलिंडर आतून गंजतो, ही एक बाजू झाली. तेलाची बाजू अधिक भयंकर आहे.

हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ३०० बार दाबाच्या हवेत एकट्या प्राणवायूचा दाब ६० बारहून अधिक होतो, म्हणजे उघड्या हवेतील त्याच्या दाबाच्या तीनशे पट. अशा वातावरणात तेल, ग्रीस, इतकेच काय पण काही प्रकारचे रबरही सहज पेटते. त्यात भरीस भर म्हणजे हवा एकदम दाबली गेली की ती तापते. सायकलचा पंप जोराने मारल्यावर त्याचे टोक गरम लागते, तेच तत्त्व. एक बारवरून ३०० बारपर्यंत हवा क्षणात दाबली गेली आणि उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळाला नाही, तर हिशेबाने तिचे तापमान हजार अंशांच्या पुढे जाते. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटते ते याच कारणाने. भरण्याच्या तोटीवर तेलाचा थेंब असेल आणि झडप झटक्यात उघडली, तर रेग्युलेटरच्या आत तेच घडते. बंदुकीला घालायचे तेल, सायकलचे तेल, स्वयंपाकघरातील तेल यांपैकी काहीही तोटीला लावू नये. रेग्युलेटरच्या उत्पादकाने सांगितलेले वंगणच वापरावे, तेही रेग्युलेटर उघडणाऱ्या तंत्रज्ञाने. आणि कोणत्याही परिस्थितीत हवेच्या सिलिंडरमध्ये प्राणवायू भरू नये. वेल्डिंगच्या दुकानातून ‘ऑक्सिजन म्हणजे शुद्ध हवाच’ असे म्हणून बाटली भरून आणणे म्हणजे आपण होऊन मृत्यूला बोलावणे होय.

भरणाऱ्याने डोळ्यांना संरक्षण घातलेले असावे. बंदूक जोडलेली असेल तर नळीच्या तोंडावर आवरण चढवावे. शक्य तेथे सिलिंडर बंदुकीपासून वेगळा करूनच भरावा. तोटी आणि नळीचे टोक स्वच्छ कापडाने पुसावे, कारण मैदानावरील धुळीचा कण आत गेला तर तोटीची झडप नीट बसत नाही आणि सिलिंडर गळू लागतो. नळी जोडल्यावर हलके ओढून ती पक्की बसल्याची खात्री करावी. हवा बाहेर सोडण्याची झडप बंद करावी आणि भरण्याची झडप हळूहळू, अगदी थोडी, उघडावी. काटा सावकाश चढताना दिसला पाहिजे. बाटलीवरील दाबमापक नाण्याएवढा असतो आणि त्याची अचूकता बेताचीच असते. निर्णय घ्यायचा तो यंत्रणेवरील मोठ्या दाबमापकावरून. अपेक्षित दाब आला की भरण्याची झडप बंद करावी, नळीतील हवा सोडून द्यावी आणि मगच नळी काढावी. दाब असताना नळीचे टोक ओढून काढण्याचा प्रयत्न करणाऱ्यांच्या हाताला नळीचा फटका बसतो. भरताना सिलिंडरच्या तोंडासमोर किंवा तळासमोर चेहरा आणू नये. या सूचना साध्या आहेत, पण सामन्यांच्या दिवशी तोटीजवळ रांग लागलेली असते आणि भरणारा मुलगा एकटा असतो.

वेगाविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. पाणबुड्यांच्या सिलिंडरबाबत मिनिटाला ३०० ते ६०० पीएसआयपेक्षा अधिक वेगाने हवा भरू नये, असा संकेत पाळला जातो. त्या हिशेबाने रिकामा ४५०० चा सिलिंडर भरायला किमान साडेसात मिनिटे लागतील. पेंटबॉलच्या मैदानावर इतका धीर क्वचितच धरला जातो, मात्र ज्यांनी काही सेकंदांत बाटली भरून घेतली त्यांचा त्यात फायदा काहीच होत नाही. घाईने भरलेला सिलिंडर तापतो. ६० अंश तापमानाला ३०० बार भरलेली बाटली २७ अंशांवर आली की दाब २७० बारच उरतो. खेळाडूला वाटते बाटली गळते आहे. वास्तविक हवा तितकीच असते, ती फक्त निवलेली असते. आणखी भरून घेण्यापूर्वी बाटली हाताला गार लागेपर्यंत थांबावे. याच नियमाची दुसरी बाजू अशी की पूर्ण भरलेली बाटली उन्हातील गाडीत ठेवली तर दाब वाढतो. २७ अंशांना ३०० बार असलेला दाब ६० अंशांना सुमारे ३३३ बार होतो. सुस्थितीतील सिलिंडर तो सहन करतो. चिरा पडलेला सिलिंडर तो सहन करीलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

कॉम्प्रेसर नसेल तेथे पाणबुड्यांच्या मोठ्या सिलिंडरमधून लहान बाटल्या भरल्या जातात. ही पद्धत सुरक्षित आहे, पण तिच्याकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. १२ लिटरचा, २०० बार दाबाचा सिलिंडर घेतला आणि त्यातून ०.८ लिटरच्या रिकाम्या बाटल्या भरल्या, तर पहिली बाटली सुमारे १८७ बारपर्यंत भरेल, दुसरी १७६, तिसरी १६५. म्हणून जाणकार दोन-तीन मोठे सिलिंडर ठेवतात आणि आधी कमी दाबाच्या सिलिंडरमधून, शेवटी सर्वाधिक दाबाच्या सिलिंडरमधून बाटली भरतात. मोठा सिलिंडर जुना असेल तर त्याचाही दाखला पाहावा. ६३५१ या मिश्रधातूपासून बनलेल्या जुन्या अॅल्युमिनियम सिलिंडरच्या गळ्याशी दीर्घकाळच्या ताणामुळे चिरा पडतात, असे आढळल्यानंतर अमेरिकेत पाणबुड्यांच्या अशा सिलिंडरसाठी २००७ पासून विद्युत प्रवाहाच्या साह्याने चिरा शोधणारी विशेष तपासणी सक्तीची करण्यात आली.

सुटलेले आटे

या खेळातील सिलिंडरचे सर्वांत दुःखद अपघात भरताना नव्हे, तर बाटली बंदुकीपासून काढताना घडले आहेत. २००४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्यांविषयी जाहीर इशारा दिला. त्यात दोन मृत्यूंची नोंद होती. बाटली आणि तिची झडप यांच्यामध्ये आटे असतात, आणि झडप व बंदूक यांच्यामध्येही आटे असतात. खेळाडू बाटली फिरवतो तेव्हा दुसरे आटे सुटतील, अशी त्याची अपेक्षा असते. झडप बाटलीत घट्ट बसलेली नसेल, तर ती बंदुकीतच अडकून राहते आणि फिरते ती नुसती बाटली. शेवटच्या आट्यापर्यंत काही वेगळे घडत असल्याचे जाणवत नाही. मग पूर्ण दाब असलेली बाटली उघड्या तोंडाने अग्निबाणासारखी सुटते.

हे टाळण्याचा उपाय फारच स्वस्त आहे. झडप आणि बाटली यांच्या सांध्यावर नेलपॉलिशने किंवा रंगाने एक आडवी रेघ ओढून ठेवावी. बाटली काढताना ही रेघ तुटून तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकताना दिसले, तर हात तत्काळ थांबवावा आणि बाटली जाणकार तंत्रज्ञाकडे न्यावी. हवेच्या सिलिंडरवरील रेग्युलेटरलाही हीच खूण करावी. घरी पान्याने झडप किंवा रेग्युलेटर खोलण्याचा प्रयत्न करू नये. आतील दाब शून्य आहे, ही खात्री सामान्य माणसाला करता येत नाही, कारण बिघडलेला दाबमापकही शून्यच दाखवतो.

ही अडचण परदेशातून सिलिंडर आणणाऱ्यांनाही येते. अमेरिकेत विमानाने सिलिंडर न्यायचा असेल, तर तेथील परिवहन सुरक्षा प्रशासनाच्या नियमानुसार रेग्युलेटर पूर्णपणे काढलेला असावा लागतो, जेणेकरून आत हवा नसल्याचे तपासनिसाला पाहता येईल. हे काम प्रवासाच्या आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत करण्याचे नाही. ते तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे आणि परत बसवतानाही त्याच्याकडेच जावे.

भाड्याने बंदूक घेऊन वर्षातून एकदा खेळणाऱ्याला यातील बहुतेक गोष्टी स्वतः कराव्या लागत नाहीत. तरी बंदूक हातात घेताना तो बाटलीवरील चाचणीची तारीख पाहू शकतो, रेघ आहे की नाही हे पाहू शकतो, आणि बाटली स्वतः न काढता केंद्रातील माणसाला काढायला सांगू शकतो. मुलांना खेळायला पाठवणाऱ्या पालकांनी मुखवट्याची चौकशी करतात तशी सिलिंडरच्या चाचणीची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. तारीख विचारल्यावर ती दाखवता येत नसेल, तर त्या केंद्राविषयी आवश्यक ती माहिती मिळालेली असते.

खेळ संपल्यावर बाटली सावलीत आणि लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. ती पूर्ण रिकामी करू नये. थोडा दाब आत राहिला तर दमट हवा शिरत नाही. मुदत संपलेल्या किंवा चाचणीत नापास झालेल्या सिलिंडरचे मात्र वेगळे आहे. तो तसाच भंगारात दिला तर नवा रंग चढवून पुन्हा बाजारात येऊ शकतो. त्यामुळे चाचणी केंद्राकडून तो संपूर्ण रिकामा करून घ्यावा आणि त्याच्या तोंडाचे आटे कापून किंवा अंगाला भोक पाडून तो पुन्हा भरता येणार नाही, असा निकामी करून घ्यावा.